सहा चाकांची नगरपालिका

अमेरिकेत आरव्ही, म्हणजे चाकांवरचे फिरते घर, घेऊन तळ्याकाठी मुक्कामाला निघालेल्या कोणालाही विचारा, कशासाठी चाललात? उत्तर ठरलेले असते: चार दिवस रोजच्या कटकटीतून सुटका, निसर्ग, शांतता. या उत्तरावर विश्वास ठेवण्याआधी त्याच्या हातातली सामानाची यादी मागून घ्यावी. तीस अँपिअरची जाडजूड केबल, तिला लावायचा ॲडॉप्टर, व्होल्टेज वरखाली झाले तर गाडीतली उपकरणे वाचवणारा सर्ज प्रोटेक्टर, पिण्याच्या पाण्याची पांढरी नळी, पाण्याचा दाब आवरणारा रेग्युलेटर, मैलापाण्याची वेगळी लांबलचक नळी, रबरी हातमोजे, चाकाखाली सारायचे प्लॅस्टिकचे ठोकळे, चाक घसरू नये म्हणून पाचरी, आणि हे सगळे ज्या गाडीला जोडायचे तिच्यासाठी एक पाणसळ. या यादीत निसर्ग कुठेही नाही. आहे ते पाणीपुरवठा खाते, विद्युत खाते, मलनिस्सारण खाते आणि बांधकाम खाते. माझे म्हणणे असे की, आरव्हीची सहल ठरवणारा माणूस सुट्टी घेत आहे हा त्याचा गैरसमज असतो. प्रत्यक्षात तो तीन दिवसांसाठी एका छोट्या नगरपालिकेचा कारभार हाती घेत असतो. नगराध्यक्ष तोच, मुख्याधिकारी तोच, आणि शेवटच्या दिवशी सकाळी हातमोजे चढवून उभा राहणारा सफाई कामगारही तोच. यात हसण्यासारखे पुष्कळ आहे. पण तक्रार करण्यासारखे फारसे नाही, हे माझे पुढचे म्हणणे, आणि ते मला खात्यागणिक सिद्ध करायचे आहे.

ही तुलना ओढूनताणून आणली आहे असे वाटत असेल तर आधी वर्गवारी पाहावी. महाराष्ट्रातल्या नगरपरिषदा लोकसंख्येप्रमाणे अ, ब आणि क वर्गात मोडतात. अमेरिकेत इंजिनासकट येणाऱ्या फिरत्या घरांचेही ए, बी आणि सी असे तीनच वर्ग आहेत. ए म्हणजे बसच्या आकाराचे, बी म्हणजे व्हॅनच्या पोटात बसवलेले, आणि सी म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंगाचा माळा पुढे काढलेले. फरक इतकाच की इथे सर्वांत लहान वर्ग बी आहे, आणि तसा का, याचा जाब अजून कोणी विचारलेला दिसत नाही. भाड्याने घेणारे बहुधा सी वर्गात जातात: पंचवीसेक फूट लांबी, पुढे दोन आणि मागे चार अशी सहा चाके, आत चूल, फ्रिज, पलंग, न्हाणी आणि शौचालय. लिटरमागे साडेतीन-चार किलोमीटर चालली तर गाडी खुशीत आहे असे समजायचे. एवढे धूड चालवायला बहुतेक राज्यांत साध्या मोटारीचा परवाना पुरतो. कालपर्यंत कोरोला चालवणारा गृहस्थ आज दुपारी चावी घेतो आणि चारपाच टनांचे घर महामार्गावर काढतो. निवडून आलेल्याला कारभाराचे शिक्षण लागत नाही, या लोकशाहीच्या मूलतत्त्वाशी हे सुसंगतच आहे.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. विस्कॉन्सिन राज्यातले डेव्हिल्स लेक स्टेट पार्क १९११ साली स्थापन झाले. शिकागोहून तीन-सव्वातीन तास, मॅडिसनहून तासाभराच्या आत, त्यामुळे त्या भागातल्या मराठी कुटुंबांच्या चांगल्या ओळखीचे. दोन बाजूंना क्वार्टझाइटचे दीडशे मीटर उंचीचे कडे आणि मध्ये ३६० एकरांचे तळे. हिमयुगात हिमनदीने घळीच्या दोन्ही तोंडांना दगडमातीचे बांध घातले आणि आत पाणी साठले. निविदा न काढता, वाढीव खर्च न मागता पुरे झालेले हे पाटबंधाऱ्याचे काम आजही टिकून आहे. या तळ्याकाठच्या जागांचे आरक्षण अकरा महिने आधी उघडते, आणि उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारच्या, त्यातही विजेची सोय असलेल्या जागांवर लोक त्याच दिवशी तुटून पडतात. म्हणजे पुढच्या जुलैत तळ्याकाठी बसायचे तर निर्णय आदल्या ऑगस्टमध्ये हवा. त्या ऑगस्टमध्ये पुढच्या उन्हाळ्यात नोकरी याच गावात असेल की नाही हे ठाऊक नसते, मुलीचे पोहण्याचे वर्ग कोणत्या वारी पडतील ते ठाऊक नसते, आणि पुण्याहून आईबाबा सहा महिन्यांसाठी येणार का, हे तर व्हिसाच्या ज्या मुलाखतीवर ठरायचे तिची तारीखही मिळालेली नसते. तरीही अमुक शुक्रवारी अमुक माणसे अमुक क्रमांकाच्या जागेवर हजर असतील, असे पैसे भरून लिहून द्यावे लागते. शहराचे विकास आराखडे करणारे तरी याहून वेगळे काय करतात? शिवाय एका जागेवर एक कुटुंब किंवा फार तर सहा माणसे, असा नियम आहे. एक कुटुंब म्हणजे कोण कोण, यावर राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याचे आणि मराठी माणसाचे एकमत होण्याची शक्यता कमीच, कारण आपल्या व्याख्येत आत्या, आत्येभाऊ आणि त्याचा रूममेट हे सगळे बसतात.

जागा मिळाली की पाणीपुरवठा खाते कामाला लागते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या हिशेबाने तिथला माणूस घरात दिवसाला सरासरी ८२ गॅलन, म्हणजे सुमारे ३१० लिटर पाणी वापरतो. आपल्याकडे मलवाहिन्या असलेल्या शहरांसाठी सरकारी प्रमाण माणशी १३५ लिटरांचे आहे. आणि सी वर्गातल्या गाडीची टाकी साधारण ११५ ते १५० लिटरांची, तीही अख्ख्या कुटुंबासाठी. पाणी कमी पडले तर पार्कातल्या नळावर जाऊन भरता येते, पण खरी मेख भरण्यात नसून वापरलेले पाणी जाते कुठे यात आहे. बऱ्याच स्टेट पार्कांत जागेवर वीज मिळते, सांडपाण्याची वाहिनी मिळत नाही. न्हाणीचे आणि मोरीचे पाणी गाडीच्याच पोटातल्या ग्रे टँकमध्ये साठते, आणि ती टाकीही शेसव्वाशे लिटरांचीच. १९९२ च्या कायद्याने अमेरिकेत शॉवरला मिनिटाला अडीच गॅलनांची, म्हणजे साडेनऊ लिटरांची कमाल मर्यादा घातली. त्या मर्यादेत राहूनही दहा मिनिटांच्या अंघोळीला ९५ लिटर लागतात. म्हणजे घरातल्या पंधरा वर्षांच्या चिरंजीवांनी शुक्रवारी संध्याकाळी कायद्याला धरून, मन लावून एक अंघोळ केली, की या नगरपालिकेची रविवारपर्यंतची सांडपाणी क्षमता संपली. सुदैवाने पाणी तापवणारी टाकी बहुधा सहा गॅलनांची, म्हणजे तेवीस लिटरांची असते, त्यामुळे चिरंजीव आपोआपच लवकर बाहेर येतात. अशा वेळी घरातले सर्वांत अनुभवी जलतज्ज्ञ पुढे होतात: दिवसाआड येणाऱ्या नळावर संसार केलेल्या आजी. एक बादली, एक तांब्या आणि पंधरा लिटरांत डोक्यावरून अंघोळ हे कसब वीस वर्षे अमेरिकेत राहून मुलगा विसरला असला, तरी आजी विसरलेल्या नसतात. आरव्हीत आल्यावर त्यांना पहिल्यांदाच वाटते की या देशात आपल्याला विचारून काही करण्यासारखे आहे.

विद्युत खात्याचा प्रश्न शुद्ध अंकगणिताचा आहे, आणि म्हणूनच तो घरोघरी चुकतो. तीस अँपिअरच्या जोडणीवर १२० व्होल्टने एकूण ३६०० वॅट मिळतात. छतावरचा एसी चालताना साधारण दीड हजार खातो. पाण्याचा हीटर विजेवर लावला तर चौदाशेच्या आसपास. राहिले सातशे. त्यात कोणी खिचडीसाठी एक हजार वॅटचा इन्स्टंट पॉट लावला की गणित उणे होते, आणि त्याच वेळी कोणी केस वाळवायला दीड हजार वॅटचा ड्रायर सुरू केला की ब्रेकर पडतो आणि अख्खे नगर अंधारात जाते. घरी हा प्रश्न कधी पडत नाही, कारण तिथे वीज भिंतीतून येते आणि भिंतीला अंत नसतो अशी सर्वांची समजूत असते. आरव्हीत वेळापत्रक करावे लागते: खिचडी होईपर्यंत एसी बंद, केस वाळेपर्यंत हीटर बंद, आणि चहा सर्वांचा एकदम. महाराष्ट्रात ज्यांनी भारनियमनाचे दिवस काढले, त्यांना हे वेळापत्रक नवे वाटू नये. फरक आहे तो जबाबदारीचा. तेव्हा वीज गेली की वीज मंडळाला नावे ठेवता येत. इथे वीज मंडळ म्हणजे आपणच, आणि ज्यांना अंधारात बसवले ते मतदार जेवणाच्या टेबलापलीकडे बसलेले असतात. पन्नास अँपिअरची जोडणी मिळाली तर बारा हजार वॅट मिळतात आणि हे सगळे वाद मिटतात, पण ती घेणारी गाडी मोठी, तिला लागणारी जागा लांब, आणि तशा जागा थोड्या. श्रीमंत प्रभागाला भारनियमन नसते, हे तत्त्व दोन्ही देशांत सारखेच आहे.

आता मलनिस्सारण. सभ्य लेखात हा विषय ओलांडून पुढे जाण्याची रीत आहे; आरव्हीत ती सोय नाही. शौचालयाखाली वेगळी ब्लॅक टँक असते आणि तिचे नियम कोणत्याही पोटनियमावलीपेक्षा कडक आहेत. जागेवर वाहिनी मिळालीच तरी तिची झडप मुक्कामभर उघडी ठेवायची नाही. उघडी ठेवली की पाणी निघून जाते, घन भाग मागे राहतो, थरावर थर चढतात, आणि या छंदातले लोक ज्याला सरळ पिरॅमिड म्हणतात ती वास्तू उभी राहते. म्हणून टाकीत पाणी भरपूर हवे, कागद लवकर विरघळणारा हवा, आणि झडप फक्त रिकामे करतानाच उघडायची. टाकी किती भरली हे सांगायला भिंतीवर दिव्यांची पट्टी असते. आतल्या सेन्सरांना कागद चिकटून राहतो, त्यामुळे टाकी नुकतीच रिकामी केली तरी पट्टी ती दोनतृतीयांश भरलेली दाखवू शकते, आणि दाखवतेही. कागदोपत्री आकड्यांवर विसंबून शहर चालवू नये, हा धडा प्रशासकांना वर्षानुवर्षांच्या अनुभवातून मिळतो. आरव्हीवाल्याला तो पहिल्या रविवारी मिळतो. त्या रविवारी सकाळी सगळ्या नगरपालिका एकाच वेळी टाक्या रिकाम्या करायच्या जागी, म्हणजे डंप स्टेशनवर, रांगेत उभ्या असतात. तिथला क्रम ठरलेला आहे: आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे मागून येणारे साबणाचे पाणी नळी धुऊन नेते. क्रम उलटा केला तर काय होते ते सांगायची गरज नाही; रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा सगळे सांगतो. नियोजनाच्या बैठकीत मेनूवर तासभर चर्चा होते, प्रत्येकाला पाणीपुरी खाते हवे असते, मलनिस्सारणाचा कारभार मात्र एकमताने घरच्या जावयाकडे किंवा कर्त्या पुरुषाकडे जातो. शेजारी रांगेतल्या निवृत्त अमेरिकी जोडप्याने ही कामे न बोलता वाटून घेतलेली असतात, हे पाहून त्याला अधिकच एकटे वाटते.

बांधकाम खात्याकडे दोन कामे असतात, गाडी जागेवर लावणे आणि ती सपाट करणे. सपाटीचा आग्रह नाजूकपणातून आलेला नाही. आरव्हीतल्या पारंपरिक फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो. उष्णतेने अमोनियाचे द्रावण फिरवून तो थंडावा करतो आणि या फिरण्याला गुरुत्वाकर्षणाची मदत लागते. गाडी फार वेळ कलती उभी राहिली तर फ्रिज थंड करणे सोडतो आणि कायमचा बिघडूही शकतो. म्हणून पाणसळ लावून, एका चाकाखाली दोन ठोकळे, दुसऱ्याखाली एक, असा गवंडी कारभार करावा लागतो, आणि सोबत आणलेले श्रीखंड टिकायचे तर तो नीट करावा लागतो. गाडी मागे घेणे हे त्याहून अवघड काम. मागून ओढायचा ट्रेलर असेल तर तो स्टिअरिंगच्या उलट दिशेला वळतो. यावर जुन्या लोकांचा तोडगा असा की हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवावा, मग हात ज्या बाजूला जाईल त्या बाजूला ट्रेलर जातो. पण आरव्ही असो की ट्रेलर, मागे उभे राहून दिशा सांगणारा माणूस लागतोच, आणि तो बहुधा जोडीदार असतो. या प्रसंगी ‘येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या’ हे तीन पुकारे आणि ‘अहो बास!’ हा चौथा यांच्यामध्ये जे अंतर असते, त्यावर संध्याकाळचे वातावरण अवलंबून राहते. पार्काला लागून असलेल्या बॅराबू गावात १८८४ ते १९१८ या काळात रिंगलिंग बंधूंच्या सर्कशीचा हिवाळी तळ होता. हत्ती, घोडे, तंबू आणि माणसे गावोगाव हलवण्याची विद्या जिथे पिकली, त्याच गावाशेजारी आज एकेका कुटुंबाला एक गाडी जागेवर लावायला पाऊण तास लागतो, हा इतिहासाचा विनोद म्हणायला हवा. सर्कशीत हत्ती मागे घेताना माहुताची बायको मागे उभी नसे, एवढाच काय तो फरक.

उरलेली खाती थोडक्यात उरकता येतील, पण वगळता येणार नाहीत. जकात अजून इथे चालू आहे आणि ती लाकडावर आहे. पूर्व आशियातून आलेला, पाचूसारखा हिरवा चमकणारा एमराल्ड ॲश बोरर हा किडा २००२ मध्ये मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ सापडला. जळाऊ लाकडातून तो दूरदूर जाऊ शकतो, आणि त्याने ॲश जातीच्या कोट्यवधी झाडांचा फडशा पाडला आहे. म्हणून विस्कॉन्सिनच्या पार्कांत दहा मैलांपलीकडचे, दाखला नसलेले लाकूड आणता येत नाही. घरामागे पडलेली फुकटची फांदी टाकून देऊन पार्काजवळ पैसे मोजून लाकूड घेणे हे काटकसरी मनाला लागते, पण इथे नाका कुठे आहे आणि कसा चुकवायचा याची चौकशी करू नये. जंगल कर मागत नाही, वसूल करते. आरोग्य खात्याने संध्याकाळी मुलांचे पाय, गुडघ्यामागची जागा आणि मानेची मागची बाजू तपासायची, कारण विस्कॉन्सिनच्या झाडोऱ्यात लाइम रोग पसरवणाऱ्या गोचिडी आहेत. आपत्ती व्यवस्थापनाने ढग पाहून छत्रीसारखी बाहेर काढलेली कनात वेळेत गुंडाळायची. आणि गृहखात्याने रात्री अकरानंतर भेंड्या बंद करायच्या; शांततेची वेळ सकाळी सहापर्यंत असते आणि शेजारच्या नगरपालिका पातळ भिंतींच्या असतात.

इथवर वाचलेल्या समंजस माणसाचा पहिला आक्षेप उघड आहे: एवढाच निसर्ग हवा असेल तर तंबू घ्या, पाठीवर टाका आणि जा, घर उचलून जंगलात न्यायचे आणि त्याला निसर्ग म्हणायचे, हा सुखवस्तू पिढीचा ढोंगीपणा आहे. हा आक्षेप इतिहासापुढे टिकत नाही. आरव्हीच्या इतिहासात साधेपणाचे असे सुवर्णयुग कधी नव्हतेच. १९१० सालच्या पिअर्स-ॲरो कंपनीच्या टूरिंग लँडो या गाडीला अनेक जण पहिली आरव्ही मानतात. तिच्यात मागची बैठक उलगडून पलंग होई, हात धुण्याचे भांडे होते आणि शौचपात्रही होते. नऊ वर्षांनी फ्लोरिडातल्या टॅम्पा येथे मोटारीने मुक्काम करणाऱ्यांनी टिन कॅन टूरिस्ट्स नावाची संघटना काढली. आणि त्याच काळात हेन्री फोर्ड, टॉमस एडिसन, टायरवाले हार्वे फायरस्टोन आणि निसर्गलेखक जॉन बरोज हे स्वतःला ‘भटके’ म्हणवून उन्हाळ्यात रानावनात मुक्काम करत. या भटक्यांसोबत स्वयंपाकाचा वेगळा ट्रक आणि आचारी असत, आणि एडिसन असल्यामुळे तंबूंत विजेचे दिवे लागत. १९२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंगही त्यांच्या मुक्कामी येऊन गेले. देशातला सर्वांत मोठा निसर्गलेखक ज्या ताफ्यात होता त्यालाही आचारी आणि विजेचे दिवे लागत, तर शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या कुलकर्ण्यांनी इन्स्टंट पॉट नेला म्हणून त्यांना नैतिक अधःपतनाचे प्रमाणपत्र देण्याचे कारण नाही. तंबूवाला आपली नगरपालिका पार्कावर टाकून येतो: पाणी पार्काचे, शौचालय पार्काचे, दिवे पार्काचे. तो मोकळा असतो तो निसर्गाच्या जवळ असल्यामुळे नव्हे, त्याची खाती दुसरा कोणी सांभाळत असल्यामुळे.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो अधिक वजनदार. भाड्याच्या आरव्हीला दिवसाचे भाडे, वर बहुधा मैलाचे भाडे, जनरेटर चालवला तर तासाचे भाडे, विमा, चादरी-भांड्यांचा संच, पार्काची जागा, पार्कात गाडी आणण्याचा परवाना आणि लिटरमागे साडेतीन किलोमीटर जाणारे पेट्रोल. ही बेरीज केली तर तेवढ्यात जवळच्या चांगल्या हॉटेलात राहता येते, तिथे पोहण्याचा तलाव असतो, आणि सकाळी दुसरा कोणीतरी वॅफल करून देतो. या हिशेबाला माझ्याकडे उत्तर नाही, कारण हिशेब बरोबर आहे. स्वस्त पडते म्हणून आरव्ही घेणाऱ्याने बेरीज अर्धवट केलेली असते. पण हॉटेलात जे मिळत नाही ते इथे मिळते: आपले घर दिवसाला काय पिते, काय जाळते आणि काय टाकते, याचा पहिला खरा ताळेबंद. घरी पाण्याचे बिल तिमाहीला येते आणि आपोआप भरले जाते. विजेचा मीटर गॅरेजच्या मागे असतो. मैला तर फ्लशच्या चावीसरशी दृष्टीआड आणि मनाआड होतो. एका कुटुंबाला तीन दिवसांत स्वतःचा आकार कळणे ही गोष्ट फुकट मिळावी अशी अपेक्षा का करावी? लोक याहून जास्त पैसे देऊन ध्यानशिबिराला जातात आणि स्वतःविषयी याहून कमी माहिती घेऊन परततात.

तिसरा आक्षेप रसिकांचा आहे: अकरा महिने आधी ठरवलेल्या, ठोकळे आणि वॅट मोजून आखलेल्या सहलीत मजा ती काय राहिली? मनाला आले की निघावे, वाट नेईल तिथे जावे. हे ऐकायला छान आहे, आणि ज्यांना शुक्रवारी दुपारी तीनची मीटिंग नसते त्यांना शक्यही आहे. बाकीच्यांनी जुलैतल्या शनिवारी न ठरवता डेव्हिल्स लेकच्या फाटकावर जाऊन पाहावे. मग आयत्या वेळी उरलेला पर्याय म्हणजे एखाद्या महादुकानाचे पार्किंग, जिथे परवानगी मिळाल्यास रात्र काढता येते आणि रात्रभर सोडियमच्या दिव्यांखाली ट्रॉल्यांचा खडखडाट ऐकता येतो. अचानकपणाची गंमत अचानक मिळत नाही. तिच्यासाठी कोणीतरी आधी जागा राखून ठेवलेली असते. शिवाय नियोजनाचा शत्रू उत्स्फूर्तता हा नव्हेच; त्याचा शत्रू अतिनियोजन आहे. शनिवारी सकाळी नऊला कडा चढणे, अकराला कयाक, साडेबाराला मिसळ, दोनला पक्षिनिरीक्षण असा तक्ता छापून आणणारे लोक असतात, आणि त्यांच्या नगरपालिकेत तिसऱ्या दिवशी अविश्वासाचा ठराव येतो. शहाण्या कारभाऱ्याने पाणी, वीज, मैला आणि सपाटी यांचे नियोजन चोख करावे आणि माणसांचे अजिबात करू नये. पायाभूत सुविधा सरकारने द्याव्यात, दुपारी झोपायचे की तळ्यात पाय सोडून बसायचे हे नागरिकांवर सोडावे.

शेवटचा आक्षेप सर्वांत सरळ: या सगळ्यात तळे कधी पाहायचे? उत्तर असे की खाती नीट चालली तर भरपूर वेळ उरतो, कारण चांगल्या नगरपालिकेचे लक्षणच हे की ती दिसत नाही. डेव्हिल्स लेकवर पेट्रोलवर चालणाऱ्या बोटींना बंदी आहे. चालते ती फक्त वल्ह्याची, शिडाची किंवा विजेच्या छोट्या मोटारीची होडी. म्हणजे तळ्यानेही आपला पोटनियम केला आहे आणि तो पाळला जातो, म्हणूनच तिथे शांतता मिळते. निसर्गाची ती शांतता आयती पडलेली नसते. आरक्षणाची मर्यादा, लाकडाची जकात, अकराची वेळ आणि बोटींवरची बंदी यांनी मिळून ती राखलेली असते. आरव्हीवाला नियमांपासून पळून या तळ्यावर येतो आणि तिथले सगळे सुख नियमांनीच टिकवले आहे हे त्याला कळते. हे कळण्यासाठी मात्र एकदा स्वतःच्या हाताने टाकी रिकामी करावी लागते. नुसते वाचून कळत नाही, नाहीतर नागरिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी ते काम केव्हाच केले असते.

तेव्हा निष्कर्ष एवढाच. विश्रांतीसाठी आरव्ही घेऊ नये. विश्रांतीसाठी सोफा आहे. काटकसरीसाठीही घेऊ नये. पण आपले घर नेमके काय आहे हे घरापासून दोनशे मैलांवर जाऊन पाहण्याची इच्छा असेल, तर याहून चांगला उपाय नाही, आणि परत आल्यावर गावाच्या नगरपालिकेवर टीका करण्याचा अधिकारही थोडा वाढलेला असेल. ज्यांना जायचे आहे त्यांनी जागा अकरा महिने आधी घ्यावी, गाडीची लांबी जागेच्या लांबीशी ताडून पाहावी, एसी आणि इन्स्टंट पॉट यांची आधीच तडजोड करून द्यावी, लाकूड तिथेच विकत घ्यावे, एक बादली-तांब्या न विसरता बांधावा, आणि रविवारी सकाळी घाई न करता आधी ब्लॅक टँक, मग ग्रे.